जखमेचा हिशेब कोण मांडणार?

रस्ते अपघातांत २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. मृतांचा आकडा दरवर्षी बातमीचा मथळा होतो. जखमींच्या आकड्याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि वर्षानुवर्षे हळूहळू खचत जाणारी घरे त्याच आकड्यात असतात. कमावता माणूस वाचला, पण पाय गमावून परतला. मुलगी शुद्धीवर आली, पण पूर्वीसारखी बोलेना. म्हातारी आई खाटेला खिळली आणि तिच्यापायी सुनेची नोकरी सुटली. या घरांना नुकसानभरपाई मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तो हक्क कोर्टाचे तोंड पाहण्याआधीच, पहिल्या काही आठवड्यांत, अर्ध्याहून अधिक हातचा जातो, अशी माझी खात्री झाली आहे. आणि तो का जातो याचे उत्तर ‘वकील कधी गाठायचा’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नात आहे.

सर्वसाधारण समजूत अशी, की चूक कोणाची यावर वाद असेल तर वकील लागतो. समोरच्याने चूक कबूल केली, पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला, की उरलेले काम कारकुनी. माझे म्हणणे याच्या जवळजवळ उलट आहे. चूक कोणाची हे पंचनामा, नकाशा, एफआयआर आणि दोषारोपपत्र यांवरून बहुधा उभे राहते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे फौजदारी खटल्याइतका कडेकोट पुरावा लागतही नाही. घटना अशी घडली असण्याची शक्यता अधिक दिसली तरी पुरते. खरा झगडा असतो तो नुकसान किती झाले यावर. आणि आपल्या समाजातील बहुसंख्य माणसांचे नुकसान कुठेच लिहिलेले नसते. जिथे नुकसान कागदावर नाही, तिथे वकील लागतो, आणि लवकर लागतो.

त्याआधी एका अडसराविषयी बोलले पाहिजे. अपघातानंतर भरपाईचा विषय काढणे अनेक घरांत अशुभ, निदान अशोभनीय मानले जाते. “गेलेल्या माणसाचे पैसे घ्यायचे का?” हा प्रश्न मनापासून विचारला जातो, आणि त्यातल्या दुःखाचा मान राखायलाच हवा. दुसरी भावना त्याहून गुंतागुंतीची. खेड्यात धडक देणारा ट्रॅक्टर किंवा टेम्पो पुष्कळदा शेजारच्या वस्तीतल्याच कोणाचा तरी असतो. चालवणारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा. “त्याचे वाटोळे कशाला करायचे,” म्हणून चार माणसे बसतात, दवाखान्याचा खर्च आणि वर थोडी रक्कम ठरते, फिर्याद द्यायची नाही असे ठरते, आणि मिटते.

या मिटवण्यात माणुसकी आहे हे मी नाकारत नाही. पण ती चुकीच्या समजुतीवर उभी आहे. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १४६ तेच सांगते. दुचाकी घेणारा, ट्रॅक्टर घेणारा प्रत्येक जण हप्ता भरतो तो नेमका याचसाठी. दावा मंजूर झाला तर पैसे त्या पोराच्या बापाच्या शेतातून येत नाहीत, विमा कंपनीकडून येतात. चालकावरचा फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा अर्ज वेगळा. गावात बसून मिटवले की कोणाचेही वाटोळे टळत नाही. विमा कंपनीची जबाबदारी तेवढी टळते, आणि जखमी माणसाच्या पुढच्या वीस वर्षांचा भार त्याच्या बायकोवर पडतो. सहा महिन्यांनी, पाय बरा होत नाही हे कळल्यावर, फिर्याद द्यायला गेले तर कंपनीचा पहिला प्रश्न असतो: इतके दिवस गप्प का होतात? वाहन नंतर गोवले असा आरोप मग सहज होतो. वाहनाचा विमाच नसेल तर मात्र भरपाई मालकाच्या खिशातूनच येते, हेही खरे. तिथे वसुली अवघड असते. म्हणूनच पहिल्या दिवशीच आरसी आणि पॉलिसीची माहिती हाती यायला हवी.

आता हिशेबाकडे येऊ, कारण सगळे तिथेच आहे. भारतात भरपाई न्यायाधीशाच्या लहरीवर ठरत नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘सरला वर्मा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात वयानुसार गुणकांचा तक्ता घालून दिला: पंचविशीपर्यंत १८, एकतीस ते पस्तीस वयाला १६, छत्तीस ते चाळीसला १५, असा उतरत जाऊन पासष्टीनंतर ५. २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली. माणसाची कमाई अपघाताच्या दिवशी होती तिथेच थांबली असती असे मानायचे नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्या किंवा ठरावीक पगारावरच्या माणसाचे वय चाळिशीच्या आत असेल तर उत्पन्नात ४० टक्के वाढ धरायची, कायम नोकरी असेल तर ५० टक्के. म्हणजे वय ठरले की गुणक ठरला, वाढ ठरली. वादाला उरतात दोनच आकडे: उत्पन्न किती होते, आणि कमावण्याची क्षमता किती टक्के गेली.

हे दोन आकडे किती फरक करतात ते एका कल्पित माणसावरून पाहा. चौतीस वर्षांचा गवंडी. घोटा आणि गुडघा चिरडला गेला. तो आता परांचीवर चढू शकत नाही, उकिडवा बसू शकत नाही. हाताखालच्या मजुरांना सूचना देण्यापुरते काम जेमतेम जमते. तो महिन्याला खरोखर १८,००० रुपये मिळवत होता आणि त्याची ६० टक्के कमाईची क्षमता गेली असे सिद्ध झाले, तर वर्षाचे २,१६,०००, त्यात ४० टक्के वाढ धरून ३,०२,४००, गुणिले १६, त्याचे ६० टक्के: २९,०३,०४० रुपये. तोच माणूस, तोच पाय, पण कागद काहीच नाही. न्यायाधिकरणाने अंदाजाने ९,००० रुपये मासिक उत्पन्न धरले आणि वैद्यकीय दाखल्यावरचे २५ टक्के अपंगत्व जसेच्या तसे उचलले. रक्कम येते ६,०४,८००. दवाखान्याचा खर्च, वेदनांची भरपाई, मदतनिसाचा खर्च हे सगळे वेगळे. मी फक्त कमाईचे नुकसान मोजतो आहे. तेवीस लाखांची ही दरी अपघातात पडलेली नाही. ती पुराव्यात पडली.

टक्क्यांच्या बाबतीत २०१० चा ‘राजकुमार’ निकाल प्रत्येक जखमी माणसाच्या घरच्यांनी समजून घ्यावा असा आहे. शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावले. डावा हात गेलेल्या माणसाला डॉक्टर ६० टक्के अपंगत्व देतील. तो सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली, आणि सरकारी कचेरीत कारकून असेल तर कदाचित नोकरी टिकेलही. हा फरक दाखवायला सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला पुरत नाही. टक्के एका अवयवाचे की संपूर्ण शरीराचे, हा प्रश्न विमा कंपनीचा वकील हमखास विचारतो, आणि उत्तर द्यायला ज्यांनी उपचार केले किंवा तपासून अपंगत्व ठरवले त्या डॉक्टरांनाच साक्षीला यावे लागते. डॉक्टरांना बोलावणे, त्यांना नेमके प्रश्न विचारणे, गवंड्याच्या कामात गुडघा कसा वापरला जातो हे न्यायाधीशापुढे उभे करणे, हे काम घरच्या माणसाच्याने होत नाही. चांगला वकील आणि सुमार वकील यांच्यातला फरक मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. सुमार वकील दाखला जोडतो आणि पुढच्या अर्जाकडे वळतो.

उत्पन्नाचा प्रश्न याहून खोल आहे. महाराष्ट्रातले किती लोक पगारपत्रक घेऊन जगतात? शेतमजूर, ऊसतोड कामगार, नाक्यावर उभे राहणारे बिगारी, भाजी विकणाऱ्या बायका, शिलाई मशीन चालवणाऱ्या, रिक्षावाले, बँडवाले, आचारी. यांची कमाई खरी असते, तिच्यावर घर चालते, मुले शिकतात. पण साक्षीच्या पिंजऱ्यात विमा कंपनीच्या वकिलाने विचारले, “उत्पन्नाचा लेखी पुरावा तुमच्याकडे नाही, हे खरे आहे ना?” तर उत्तर “खरे आहे” असेच येते. आणि त्या दोन शब्दांनी वीस वर्षांचे कष्ट किमान अंदाजावर आणून ठेवले जातात.

माझा अनुभव असा, की पुरावा बहुधा असतो. तो पुरावा आहे हे घरच्यांना माहीत नसते. दूध डेअरीची दहा दिवसांची बिले. अडत्याने दिलेल्या पट्ट्या. बचतगटाच्या पासबुकातली दरमहा न चुकता भरलेली रक्कम. पतसंस्थेतल्या कर्जाचे फेडलेले हप्ते, कारण दरमहा चार हजारांचा हप्ता फेडणारा माणूस सहा हजार कमवत नसतो. मुकादमाच्या वहीतला उचलीचा हिशेब. मोबाईलवर आलेल्या पैशांच्या नोंदी. कंत्राटदाराची किंवा शेजारच्या दुकानदाराची साक्ष. मुलाच्या शाळेची फी, घराचे भाडे. यातला एकेक कागद दुबळा आहे. पण हे सगळे एकत्र मांडले की न्यायाधीशाला एका माणसाचे जगणे दिसू लागते, आणि अंदाज त्या जगण्याच्या जवळ सरकतो. हे कागद गोळा करायची वेळ अपघातानंतरचे पहिले तीन महिने. त्यानंतर पावत्या फेकल्या जातात, मुकादम दुसऱ्या कारखान्याकडे जातो, फोन बदलतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. जमीन नावावर असलेला शेतकरी गेला किंवा अधू झाला की विमा कंपनी म्हणते, जमीन तर जागेवरच आहे, उत्पन्न बुडाले कुठे? आणि न्यायालयांनी हा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य केला आहे: नुकसान फक्त देखरेखीचे आणि स्वतःच्या श्रमाचे धरायचे. मग ते श्रम किती होते? नांगरट, पेरणी, रात्रीचे पाणी, फवारणी, बैलांची देखभाल, बाजारात माल नेणे. या प्रत्येक कामाला आता मजूर लावावा लागतो आणि त्या मजुरीचा दर गावात सर्वांना ठाऊक असतो. सातबारा जोडून थांबणारा अर्ज इथे हरतो. अपघातानंतरच्या हंगामात मजुरीवर किती खर्च झाला याची साधी वही ठेवलेली असेल तर चित्र पालटते.

सर्वांत अलिखित श्रम मात्र घरातल्या बाईचे. १९८९ मध्ये जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याच्या समारंभात आग लागून अनेक बायका-मुले दगावली. त्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०२१ च्या ‘कीर्ती’ निकालात न्यायालय बरेच पुढे गेले. राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणाचा आधार देत त्याने नोंदवले, की बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घरच्यांसाठी बिनमोल राबते आणि पुरुष ९७ मिनिटे. आणि गृहिणीच्या मानलेल्या उत्पन्नातही भविष्यातली वाढ धरली पाहिजे. तरी आजही अर्जात ‘व्यवसाय: घरकाम’ एवढेच लिहून पुढे जाण्याची सवय आहे. ती बाई घरकामाबरोबर दोन म्हशी सांभाळत होती, सासऱ्यांना इन्सुलिन टोचत होती, सुगीत दुसऱ्याच्या रानात जात होती. हे कोणी विचारतच नाही. नवरा दावा करतो तेव्हा त्यालाही ते सांगावेसे वाटत नाही, कारण त्यानेही ते कधी मोजलेले नसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. भरपाई ‘न्याय्य’ असावी हे पाहण्याचे कर्तव्य कलम १६८ ने न्यायाधिकरणावरच टाकले आहे. मागितलेल्या रकमेपेक्षा अधिक देण्याचा अधिकारही त्याला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. मग वकिलाची एवढी मातब्बरी कशाला? उत्तर सरळ आहे. न्यायाधीश उदार असला तरी त्याच्यापुढे आलेल्या कागदांपलीकडचे त्याला दिसत नाही, आणि दिसले तरी पुराव्याविना लिहिता येत नाही. समोर कंपनीचा पट्टीचा वकील उभा आहे, ज्याने असे शेकडो दावे लढवले आहेत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे वचन आपण ऐकत आलो. पण इथे ती पायरी दुसरा पक्ष रोज चढतो.

याचा अर्थ प्रत्येक खरचटल्या ढोपरासाठी वकील गाठावा असा मुळीच नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर भरपाई ठरावीक आहे: मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. २०२२ च्या योजनेप्रमाणे अर्ज तालुक्याच्या पातळीवर चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. तिथे वकिलाचे काम नाही, आणि कोणी ते काम सांगून पैसे मागत असेल तर देऊ नयेत. हाड नीट जुळले, महिना-दोन महिन्यांत माणूस कामावर गेला, बिले हातात आहेत, कंपनीचा प्रस्ताव त्यांना पुरून उरतो, असे असेल तर तडजोड करून मोकळे होणे शहाणपणाचे. वकील हवाच अशा जागा ओळखता येतात: मृत्यू, कायमचे अपंगत्व, डोक्याला मार, लहान मूल, कागदावर नसलेले उत्पन्न, आणि विम्याबद्दल उपस्थित झालेली कोणतीही हरकत.

ही शेवटची बाब आपल्याकडे फार वेळा येते. गळीत हंगामात रात्री रस्त्याकडेला दिवा-रिफ्लेक्टरविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळते. कंपनी म्हणते, विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा नाही. ट्रॉलीत बसून चाललेले मजूर उलटून जखमी होतात. कंपनी म्हणते, मालवाहू वाहनात प्रवासी बसवणे हा पॉलिसीचा भंग आहे. दुचाकीवर मागे बसलेला जखमी होतो आणि तिचा विमा निव्वळ तृतीय पक्षाचा असतो. मागे बसलेल्याला त्यात संरक्षण नाही. तिघे बसले होते म्हणून चूक त्यांचीच, असेही म्हटले जाते. पण तिघे बसणे हे एवढ्यानेच अपघाताचे कारण ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. चालकाकडे परवाना नसल्यास कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असाही आदेश अनेकदा होतो. हे सगळे माहीत असलेला माणूस आपल्या बाजूला नसेल तर कंपनीचे ‘नाही’ हेच अंतिम वाटते.

मुंबईकरांसाठी लोकलचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसे पडली तेव्हा चर्चा दारांची आणि गर्दीची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण गाडीतून पडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ मध्ये बसणारा प्रकार आहे. तिथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूसाठी ठरलेली भरपाई २०१७ पासून ८ लाख आहे आणि अर्ज एका वर्षात रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. प्रेताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही, असे २०१८ च्या ‘रिना देवी’ निकालात ठरले. रूळ ओलांडताना धडक बसली तर मात्र हे कलम लागू होत नाही. म्हणून माणूस गाडीतून पडला की रुळांवर चालत होता, हे ठरवणारी स्टेशनमास्तरांची आणि रेल्वे पोलिसांची पहिली नोंद इथे सर्वस्व असते. ती चुकीची झाली तर ताबडतोब लेखी हरकत घ्यावी.

सहीविषयी मला सर्वांत अधिक काळजी वाटते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदींत कलम १६४ आहे. चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. संकटातल्या घराला हे पैसे देवासारखे वाटतात. पण कलम १४९ च्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा अर्ज आपोआप संपतो, असे कलम १६६ मध्येच म्हटले आहे. वर मांडलेल्या गवंड्याने अडीच लाखांवर सही केली तर एकोणतीस लाखांचा विषय तिथेच मिटला. लोकअदालतीतल्या तडजोडीवरही अपील नाही. लोकअदालत वाईट असे मी म्हणत नाही. अनेक घरांची वर्षे तिने वाचवली आहेत. पण ती सही दावा पूर्ण मोजून झाल्यानंतरची असावी. विमा कंपनीचा कोणताही कागद सहीसाठी पुढे आला, तर त्या दिवशी, सहीच्या आधी, वकिलाला तो दाखवावा. सगळ्या लेखातला एकच सल्ला पाळायचा ठरवला, तर हा.

मुदतीचेही तसेच. १९९४ पासून अर्जाला मुदतच नव्हती. आता अपघातापासून सहा महिने आहेत. याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. अंतरिम आदेशाच्या भरवशावर घर ठेवू नये. अर्ज अपघात झाला तिथेच करावा लागतो असेही नाही. दावा करणारा राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. पनवेलजवळ धडक बसलेल्या लातूरच्या माणसाने तारखांसाठी रात्रभर प्रवास करण्याचे कारण नाही.

आता वकिलांच्या फीबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली माणसे सांगतात, की तिथे वकील आधी पैसे घेत नाही. जिंकला तर बहुधा तिसरा हिस्सा घेतो. भारतात हे निषिद्ध आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा घेता येत नाही. तेलंगणातील एका विधवेकडून तिच्या वकिलाने अपघाताच्या भरपाईच्या टक्केवारीपोटी तीन लाखांचा चेक लिहून घेतला आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावर फिर्याद केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली आणि अशी टक्केवारी बेकायदा ठरवली. तत्त्व म्हणून हा नियम मला पटतो. ज्याचा वाटा रकमेत आहे तो लवकर हाती येणाऱ्या छोट्या तडजोडीकडे झुकण्याचा धोका असतो, आणि जखमी माणसाच्या पायाच्या किमतीत भागीदार असू नये.

पण नियम तत्त्वाला धरून असला तरी व्यवहारात त्याने एक पोकळी ठेवली आहे. ज्या घरात दवाखान्याने दागिने गहाण पाडले, ते घर वकिलाची फी आगाऊ कुठून देणार? त्या पोकळीत दलाल शिरतात. अपघात विभागाच्या बाहेर ते उभे असतात, कोणता रुग्ण कुठून आला हे त्यांना पोलिसांआधी कळते, आणि “एक रुपया देऊ नका, नंतर बघू” या वाक्याने वकीलपत्रावर अंगठा उठतो. नंतर बघायची वेळ येते तेव्हा कोऱ्या चेकवर सही झालेली असते. खोट्या दाव्यांचे पीकही याच जमिनीत येते. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाव्यांच्या तपासासाठी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाला विशेष तपास पथक नेमावे लागले. विमा कंपन्यांची त्याबाबतची तक्रार खरी आहे. मात्र त्या खोट्या दाव्यांमुळे प्रत्येक खऱ्या जखमीकडे संशयाने पाहण्याचा परवाना त्यांना मिळत नाही. दलाल हटवायचा असेल तर त्याच्या आधी खाटेपाशी कोणीतरी प्रामाणिक माणूस पोहोचायला हवा.

आणि कायद्यात तो माणूस आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अपघातात पती गमावलेली प्रत्येक बाई यात बसते. कायम अपंगत्व आलेला जखमीही बसू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. मोफत मिळणारा वकील म्हणजे दुय्यम, ही समजूत काही ठिकाणी खरी ठरते, हे मान्य. तिथे वकील बदलून मागता येतो. खासगी वकील नेमायचा असेल तर फी टप्प्याटप्प्याने किती हे लिहून घ्यावे, भरपाई दावेदाराच्या स्वतःच्या खात्यातच जमा होईल हे पाहावे, कोरा चेक कधीही देऊ नये. पहिल्या भेटीत वकिलाने काय विचारले, याकडे लक्ष ठेवावे. जो अपघाताआधीचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस विचारतो, जखमी माणूस आता काय करू शकत नाही हे त्याच्याच तोंडून ऐकतो, तो वकील ठेवावा.

माझी एक मागणी सरकारकडे आहे, आणि ती खर्चाची नाही. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला कळवायची असते, सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो, आणि तो अहवाल भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. त्याच नियमांत आणखी एक कर्तव्य आहे: अपघातानंतर दहा दिवसांच्या आत पीडिताला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना हाती द्यायचा. हा कागद सोप्या मराठीत छापून प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागात ठेवावा. त्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक असावा आणि तो मिळाल्याची पीडिताच्या नातेवाइकाची सही तपासाच्या कागदपत्रांत असावी. ती सही नसेल तर न्यायाधिकरणाने पहिल्याच तारखेला तपास अधिकाऱ्याला कारण विचारावे.